बुजगावण्याचं दुसरं पाऊल

पावसाळी हवा सरत आली होती, पण आभाळ अजून खाली उतरून बसलेलं. भिंतीला हात लावावा तर तिलाच घाम फुटलेला. हानेदा विमानतळावरून उठलेलं पहिलं विमान ढगात गडप झालं, त्याचा नुसता घरघराट छपरांवरून सरकत नदीपलीकडं गेला आणि फळीवरच्या कपबश्या रोजच्यासारख्या एकमेकींना घासून किणकिणल्या.

किनुए उओझुमिला दुकानात उतरून तोवर बराच वेळ झाला होता. टोकियोच्या कोजिया भागातल्या गल्लीतलं 'हामानासु' हे तिचं कॉफीचं दुकान. वर एक खोली, खाली दुकान, मधे अरुंद जिना. अंडी उकळत होती. पावाच्या जाड फोडी कापून झाल्या होत्या. रात्रभर पाण्यात बुडवून ठेवलेली कॉफीची कापडी गाळणी तिनं काढली, पिळली, खुंटीवर टांगली. मग काकड्या घेतल्या. सँडविचला पातळ चकत्या लागतात, आणि ऐंशी उलटली तरी किनुएची सुरी अजून कागदासारखी चकती पाडायची. एक काकडी मात्र तिनं बाजूला ठेवली. जराशी वाकडी, मानेशी बारीक. तिच्याशेजारी एक लहानसं वांगं, आणि पायांसाठी जेवणाच्या काड्यांचे आठ तुकडे.

आज जुलैची तेरा तारीख, पितरांच्या सणाचा पहिला दिवस. संध्याकाळी दारोदार तागाच्या काड्या पेटायच्या आणि गेलेली माणसं तो धूर बघत घराकडं यायची. त्यांना यायला घाई करता यावी म्हणून काकडीचा घोडा. परत जाताना मात्र रेंगाळत, मागं वळून बघत जावं, म्हणून वांग्याची गाय. किनुएच्या घरी येणारा एकच होता, तिचा नवरा इसाकु. आणि त्याला घोड्याची गरज इतरांपेक्षा जास्त, असं ती दरवर्षी म्हणायची. लंगडा माणूस. एवढ्या लांबून चालत कसा येणार?

हात पुसून ती खिडकीजवळच्या काचेच्या टेबलाशी गेली. दुकानात टेबलं चार. त्यातलं हे एक यंत्राचं. काचेखाली टीव्हीचा पडदा, दोन्ही बाजूंना दांडा आणि बटण. तिनं शंभराचं नाणं टाकलं. काचेखाली रात्र झाली. भाताचं शेत, वर चंद्राची कोर, आणि शेताच्या पलीकडच्या बांधावरून बुजगावण्यांची रांग एका पायावर उड्या मारत खाली यायला लागली.

ठण्... आणि बऱ्याच वेळानं, टक्.

ठण्... टक्.

खेळणाऱ्यानं खालच्या झोपडीतून मशाली फेकायच्या आणि बुजगावणी जाळायची, असा तो खेळ. किनुएनं आजवर एक मशाल फेकली नव्हती. ती बटणाला हातच लावायची नाही. हात मांडीवर ठेवून ऐकत बसायची. बुजगावणी येत येत झोपडीच्या दाराशी पोचायची, पडदा लाल व्हायचा, खेळ संपायचा. मग ती उठायची आणि दाराची पाटी सुलटी करायची. दुकान उघडलं.

"आला का तुमचा?" मागच्या दारातून आवाज आला. शेजारचा हाचिया. चटया विणण्याचा त्याचा धंदा पोरानं बंद केला होता, तेव्हापासून तो रोज सकाळी हिच्या दुकानात येऊन पेपर वाचायचा आणि कॉफी थंड झाली म्हणून कुरकुरायचा.

"आला की. बसा. अंडं सोला हातानं, मला येळ न्हाई." किनुए बोसोच्या किनाऱ्यावरची. समुद्रशेवाळ वाळवणाऱ्या घरातली. टोकियोत उभा जन्म गेला, पण बोली काही सुटली नाही. "बिचारा. कसा वढत वढत यायचा हो. एक पाऊल टाकलं की दुसऱ्याला किती येळ."

हाचियानं अंडं टेबलावर आपटलं. "ओढत? किनुएबाई, मी सायकलवर असायचो आणि तो मला मागं टाकून तंबाखूच्या दुकानात पोचलेला असायचा. वर म्हणायचा, चाकात हवा भर."

"तुमची सायकलच तशी."

"सायकल नवी होती!"

"मंग चालवणारा जुना असंल." किनुए हसली. हाचियाच्या बोलण्यावर कोण विश्वास ठेवतो? गेल्या माणसाबद्दल सगळेच चांगलं बोलतात.

पण आज तिचा हात जरा जपून चालत होता. काल जुन्या कारखान्यातल्या केम्मोचीचा फोन आला होता. सकाळी येतो, म्हणाला. एक जुनं पाऊल सापडलंय.

*

इसाकुचं लहानपणी होडी ओढताना पाऊल लाकडी रुळाखाली सापडलं, आणि डावा पाय घोट्यातून वाकडाच राहिला. होडीवर जाता येत नाही म्हणून तो सुतारकाम शिकला, आणि युद्धानंतर टोकियोत आला तो मिनोयांच्या पत्र्याच्या शेडमध्ये.

मिनोया युगी ही त्यांची खेळयंत्रांची कंपनी तेव्हा एवढीशी होती. मालक, मालकीणबाई, दोन सुतार आणि एक मोटार बांधणारा. मोठमोठ्या दुकानांच्या गच्च्यांवर पोरांसाठी डुलणारे घोडे बसवायचे, नाणं टाकलं की घोडा डुलायचा. ते घोडे इसाकुनं कोरलेले. दरेक घोड्याचा एक कान दुसऱ्यापेक्षा जरा मागं असायचा. मालक ओरडले, तर म्हणाला, "घोडं मागून काय येतंय त्ये ऐकतंय. ऐकत न्हाई त्यो घोडा न्हवं, बाकडं."

किनुए शेडमध्ये तारा जोडायला लागली. शेवाळाचे पातळ पापुद्रे चटईवरून न फाटता सोलणारी बोटं, त्यांना तार म्हणजे खेळ. दोघंही एकाच किनाऱ्यावरची, एकाच बोलीची. मालकीणबाईंनी लग्न लावून दिलं. लग्नानंतर फिरायला गेली तर इसाकु पुढं आणि ही मागं.

"आवं, जरा हळू चला की."

"तुझे दोन्ही पाय धड हायत न्हवं? चल मग."

लंगडा म्हणून कुणी आपल्यासाठी थांबलेलं त्याला खपायचं नाही. वाकडा पाय तो असा झटकन पुढं घ्यायचा, की बघणाऱ्याला वाटावं, चांगला पायच त्याला आडवा येतोय.

घोड्यांनंतर पाणबुडीची पेटी आली. आत आरसे, पुठ्ठ्याची जहाजं आणि दिवे. मग परदेशातल्या एका पेटीवरून मालकांनी टीव्हीवर चेंडू टोलवायचा खेळ केला. तो चालला, पण तसाच खेळ गल्लीतल्या सगळ्यांनीच केला. मालक म्हातारे होत आले होते. सगळ्यांना जमवून म्हणाले, "दुसऱ्याचं पोर कडेवर घेऊन किती दिवस नाचायचं? आपलं आपण काहीतरी काढा."

ते काढलं केम्मोचीनं. नुकताच शिक्षण संपवून आलेला, चष्मा तारेनं बांधलेला, स्वतःशी बोलणारा. बुजगावणी चालून येतात, एवढं त्यानं काढलं. पण पडद्यावर ती यायची आणि कुणाला काही वाटायचं नाही. मालक म्हणाले, "ही काय भीती? ही तर सहलीला निघालीत."

सुतारांची शेड खाली, जोडकामाचा मजला वर, मधे बाहेरच्या अंगानं लोखंडी जिना. एका दुपारी केम्मोची डोकं धरून बसला होता आणि इसाकु नवी पेटी खांद्यावर घेऊन वर येत होता. ठण्, टक्. ठण्, टक्. लोखंडावर आधी चांगला पाय, मग वाकडा. केम्मोची ताडकन उठला आणि जिन्याच्या तोंडाशी जाऊन उभा राहिला.

"इसाकु-सान, परत एकदा चढा."

"का? पेटी चुकली?"

"नाही. पाय."

त्यानं त्याला जिन्यावरून खालीवर नाचवलं. शेवटी इसाकु कठड्याला टेकून म्हणाला, "मास्तर, मला बुजगावणं करताय व्हय? बायकू हसंल." आणि किनुए खरंच हसत होती. वरच्या मजल्यावरच्या सगळ्या बाया हसत होत्या.

बुजगावण्यांना पाय मिळाले आणि खेळाचा नूर पालटला. हसणाऱ्या बायांनीही पडद्याकडं बघून खुर्च्या मागं घेतल्या. शेतात एकेक बुजगावणं जळत गेलं की उरलेली घाई करायची, पावलांतलं अंतर कमी कमी होत जायचं, आणि शेवटचं एकटं बुजगावणं तर धावतच यायचं.

आता यंत्राच्या पोटातल्या दरेक बोर्डावर दोन आवाजांमधलं अंतर लावायचं काम निघालं. त्यासाठी एक इवलासा स्क्रू होता. सुटे भाग एकासारखा एक नसायचे, म्हणून स्क्रू दरेकाचा वेगळा फिरवावा लागायचा. माप दाखवणारं यंत्र होतं, पण त्यात वेळ जायचा. किनुए कानानं लावायची. कानाला नमुना हवा, तर नमुना दुपारी जिन्यावरून वर यायचा. ती बोर्ड सुरू करून पेचकस स्क्रूवर धरून बसायची. इसाकुची पावलं आली की त्यांच्याबरोबर बोर्डाची मिळवायची, आणि मग दिवसभर त्या बोर्डावरून बाकीचे. "नवऱ्याला सुरात लावतीय," असं बाया म्हणायच्या.

*

'काकाशि', म्हणजे बुजगावणं, या नावानं खेळ बाजारात गेला आणि कॉफीच्या दुकानांतली लाकडी टेबलं उचलली जाऊन काचेची आली. न्हाणीघरात, बोलिंगच्या हॉलात, समुद्रकाठच्या सरायांत, सगळीकडं बुजगावणी चालायला लागली. शेडची इमारत झाली. मिनोया युगीचं नाव पेपरात आलं. दोन पाळ्या लागल्या.

असल्याच एका दमट दुपारी, पाऊस पडून गेल्यावर, किनुए नव्या बोर्डावर वाकली होती. जिन्यावर पाऊल वाजलं. ठण्.

तिनं पेचकस धरला. दुसऱ्या पावलाची वाट बघितली.

बाया आपापल्या कामात. बाहेर पागोळ्या गळत होत्या. ती पेचकस धरून थांबलेलीच होती. मग खालून कुणीतरी ओरडलं.

इसाकु पायरीवर बसलेला होता, एक हात कठड्यावर. डोक्यातली शीर फुटली, असं डॉक्टर म्हणाले. पेटीचं लाकूड त्यानं हळूच खाली ठेवलेलं होतं. त्यावर ओरखडासुद्धा नव्हता.

सुतक फिटायच्या आधीच किनुए कामावर आली. केम्मोची तिच्या बाकाशी उभा राहून चष्मा पुसत म्हणाला, "किनुए-सान, हे काम आता मी मापाच्या यंत्रावर घेतो. दुसऱ्या कुणाला तरी बसवतो."

"माझ्या नवऱ्याचं पाऊल दुसरी बाई लावणार? मी जित्ती असताना?"

केम्मोचीनं चष्मा चढवला आणि तो आपल्या टेबलाकडं वळला.

मग किनुए रोज लावत राहिली. सकाळी पहिला बोर्ड घ्यायचा, डोळे मिटायचे, जिना आठवायचा. ठण्. आणि मग थांबायचं. संध्याकाळी कामाताच्या गल्ल्यांतून घरी निघाली की या दारातून तो चालत यायचा, त्या दारातून तो चालत यायचा. बाकी विधवांना नवरा स्वप्नात दिसतो. हिचा गावभर वाजत होता. आणि जिथं तिथं पोरं त्याला जाळत होती, टाळ्या पिटत होती, आणखी नाणी टाकत होती. तिला भीती वाटायची नाही. तिला वाटायचं, एवढ्या ठिकाणी येतोय, घरी येईलच.

शेवटी शेवटी काही दुकानदारांच्या तक्रारी आल्या. नवी यंत्रं संथ वाटतात, म्हणे. पण तोवर लोकांना रंगीत खेळ लागले होते, घरच्या टीव्हीला जोडायच्या पेट्या आल्या होत्या, तक्रारीकडं बघायला वेळ कुणाला? म्हातारे मालक गेले. पोरांनी जागा विकली. आता तिथं लोकांची घरं आहेत, गॅलऱ्यांत गाद्या वाळत असतात. लोखंडी जिना भंगारात गेला. यंत्रंही गेली. एकेक दार मुकं होत गेलं, आणि एके दिवशी किनुए स्टेशनपासून घरापर्यंत आली तरी तो कुठंच वाजला नाही. त्याच आठवड्यात तिनं भंगारवाल्याकडून शेवटच्या खेपेतलं एक टेबल आणलं. हे दुकान त्या टेबलासाठी काढलं, असं हाचिया म्हणतो. ते खोटं नाही.

*

केम्मोची आला तेव्हा ऊन पडायच्या बेतात होतं. आता तोही म्हातारा, काठी घेतलेला. तारेनं बांधलेल्या चष्म्याची सवय इतकी, की नवा चष्माही सारखा कानाशी चाचपायचा. कापडात गुंडाळलेलं चपटं बोचकं त्यानं छातीशी धरलं होतं.

"या मास्तर. घाम पुसा. बर्फ घालून कॉफी देते."

"त्रास नको."

"तरास कसला? हाचियांना फुकट देते, तुम्हाला का न्हाई?"

"फुकट?" हाचिया पेपरामागून म्हणाला. "ऐकलं का मास्तर? रोज पैसे मोजतो मी. टोमणे तेवढे फुकट."

केम्मोची हसला, पण बोचकं त्यानं खाली ठेवलं नाही. कॉफी निम्मी झाल्यावर त्यानं सांगितलं. स्टेशनजवळच्या मोठ्या दुकानात मिनोया युगीचं प्रदर्शन भरणार होतं. वरच्याच मजल्यावर, जिथं गच्चीवर पूर्वी इसाकुचे घोडे होते. एक घोडाही सापडला होता, कान मागं असलेला. आणि 'काकाशि' चालू करून ठेवायचं होतं, लोकांना ऐकू येईल असं.

"पण दोन तऱ्हेची यंत्रं मिळतात," केम्मोची म्हणाला. "शेवटच्या खेपेची पावलं संथ आहेत. मी म्हणत आलो, भाग जुने झाले, म्हणून. मग इझुच्या एका सरायीत हा बोर्ड सापडला. पहिल्या खेपेचा, कुणी उघडलेलासुद्धा नाही. मी ऐकला." तो थांबला. "किनुए-सान, माझ्या कानावर माझा भरवसा राहिला नाही. खरं कुठलं, हे सांगणारं तुमच्याशिवाय कुणी नाही."

किनुए ओटा पुसत होती. पुसलेलाच ओटा ती परत पुसायला लागली.

"मी स्क्रू हलीवला न्हाई," ती म्हणाली. "व्हतं तसंच लावलं मी. शेवटपत्तूर."

"हो. म्हणूनच विचारतोय."

"आन् खरं ठरलं त्याचं काय?"

"ते प्रदर्शनात जाईल. तिथून पुढं संग्रहालयात. सगळे त्यालाच 'काकाशि' म्हणतील. दुसरं इथं तुमच्याकडं राहू द्या."

हाचियानं पेपर खाली ठेवला. दुकानात अंड्याच्या पातेल्याचा बुडबुड आवाज तेवढा उरला. किनुएनं जाऊन गॅस बंद केला, दाराची पाटी उलटी केली. मग म्हणाली, "उघडा."

केम्मोचीनं काच बाजूला घेतली, तिचा बोर्ड काढून अलगद कापडावर ठेवला, आणि इझुचा बोर्ड बसवला. वायरी हातांना पाठ होत्या. किनुएनं नाणं टाकलं. तेच शेत, तीच कोर. रांग बांधावर आली.

ठण्टक्. ठण्टक्. ठण्टक्.

किनुएनं टेबलाकडं पाहिलंच नाही. तिची मान दाराकडं वळली. झटकन, जशी उशीर केलेल्या माणसाकडं वळते तशी. केम्मोची खुर्चीतून अर्धा उठला आणि डोकं झुकवायला लागला, मग भानावर येऊन खाली बसला. दारात कोणी नव्हतं. उलट्या पाटीमागं ऊन पडलं होतं.

"हा!" हाचिया ओरडला. "हाच! हाच तो माझ्या सायकलपुढं..." आणि किनुएचा चेहरा बघून त्यानं पेपर परत उचलला.

पावलं चालत होती. कुणाची वाट न बघणारी, कुणाला वाट बघू न देणारी. वाकडा पाय चांगल्या पायाच्या टाचेवर येत होता. किनुएला रस्ता आठवला, पुढं त्याची पाठ, मागं ती, तिला लागलेली धाप. हे ती विसरली होती. विसरली होती हेही तिला कळलं नव्हतं.

बुजगावणी झोपडीशी आली. पडदा लाल झाला.

"परत लावू?" केम्मोचीनं विचारलं.

"नगं."

ती कापडावर ठेवलेल्या आपल्या बोर्डाकडं बघत होती. स्क्रूवरचा लाल लाखेचा ठिपका तिनंच लावलेला होता, हात लावायला मनाई म्हणून. इतकी वर्षं, रोज सकाळी, दुकान उघडायच्या आधी.

"मास्तर, मंग ह्यो कोण?"

केम्मोचीनं चष्मा काढला.

"ह्यो रोज येतोय, त्यो कोण मंग? ह्यो तर त्यांचा न्हाई." तिचा आवाज चढला नव्हता, उलट खाली गेला होता. "मी ह्याच्यासंगं जेवली. पडसं झालं तवा ह्याला सांगितलं. दरसाली घोडं केलं. कुणासाटी केलं?"

हाचियानं अंड्याची टरफलं गोळा केली आणि परत बशीत सोडली.

केम्मोची हळूच म्हणाला, "तुमचा बोर्ड आता जुळवून घेता येईल. कान ताजा आहे. माझ्याकडं पेचकस आहे." त्यानं खिशातून काढून टेबलावर ठेवला. तोच, पिवळ्या मुठीचा, कारखान्यातला. "दोन्ही बोर्ड एकसारखे होतील. मग कुठलाही ठेवा. किंवा... हा इझुचाच ठेवा. मी प्रदर्शनवाल्यांना सांगेन, शेवटच्या खेपेचं खरं. मला कोण विचारणार?"

किनुएनं पेचकस उचलला. मूठ तिच्या तळहातात अजून बसत होती. तिनं आपल्या बोर्डावर टोक टेकवलं, लाखेच्या ठिपक्यावर. एवढीशी कळ फिरवली, की इसाकु. फिरवली नाही तर हा, ज्याला नाव नाही. ठण् वाजलं आणि ती थांबली, थांबली, रोज जरा जास्त थांबली. त्या थांबण्यातून आलेला.

विमान गेलं. कपबश्या किणकिणल्या.

"इझुचा न्या," ती म्हणाली. "त्येच त्ये. असंच चालायचं आमचं मानूस. लोकांनी ऐकू द्या. घोड्याशेजारी ठिवा म्हंजी झालं, त्ये ऐकतच हाय मागनं कोण येतंय त्ये."

"आणि हा?"

"ह्याला र्‍हाऊ द्या." तिनं पेचकस केम्मोचीच्या पुढ्यात ठेवला. "ह्याला आता मी कुटं घालवू? कुणाच्या दारात जाईल ह्यो?"

केम्मोचीनं बोर्ड बदलले. इझुचा परत कापडात बांधला. दारात त्यानं जे डोकं झुकवलं, ते किनुएला होतं की टेबलाला, हाचियाला सांगता आलं नसतं.

तो गेल्यावर हाचियानं थंड झालेली कॉफी ओठाला लावली. "थंड झाली," तो म्हणाला. पण नेहमीचा जोर नव्हता.

"तुमीच गार केली." किनुएनं पाटी सुलटी केली, पदर खोचावा तसा ॲप्रनचा बंद आवळला आणि ओट्याशी आली. वाकडी काकडी तिथं वाट बघत होती, काड्यांचे तुकडे तिच्याशेजारी.

तिनं काकडी हातात घेऊन फिरवून पाहिली. मग फळीवर ठेवून तिची टोकं उडवली.

"अहो! घोडा होता तो," हाचिया म्हणाला.

"त्यांना कशाला घोडं? पायानं येतील. घोड्याच्या आदी पोचतील." चकत्या पडत होत्या, पातळ, एकीवर एक. तिनं दोन काड्या वांग्यात खुपसल्या, मग आणखी दोन. गाय उभी राहिली. ती तिनं काचेच्या टेबलावर, खिडकीच्या बाजूला, तोंड दाराकडं करून ठेवली.

"आणि गाय कुणाला?"

किनुएनं काचेखालच्या पडद्याकडं एकदा पाहिलं. बाहेर विमानतळावरून पाळी सुटलेले दोघं दाराशी येऊन पाटी वाचत होते. तिनं पावाच्या फोडीला लोणी लावलं, त्यावर चकत्या पसरल्या, मीठ भुरभुरलं आणि वरची फोड तळहातानं हलकेच दाबली.

"या," ती म्हणाली. "बसा. त्या टेबलावर नगं, ह्या बाजूला बसा."